वितरक राहावे की नोंदणीकृत सल्लागार व्हावे?

प्रश्न : म्युच्युअल फंड वितरक, सांगली

मी २००७ पासून या व्यवसायात आहे. २००९ मध्ये एन्ट्री लोड (गुंतवणूक करतानाच कापले जाणारे शुल्क) बंद झाला, जानेवारी २०१३ पासून वितरकाशिवाय, कमिशन न देता घेता येणाऱ्या डायरेक्ट योजना आल्या, २०१८ मध्ये आगाऊ कमिशनही गेले. दर वेळी आता धंदा बसणार असे वाटले, पण ट्रेल कमिशनवर, म्हणजे गुंतवणूक टिकून असेपर्यंत दरवर्षी मिळणाऱ्या कमिशनवर, घर चालत राहिले. आताची अडचण निराळी आहे. खातेदारांची मुले पुण्या-बंगळुरूहून सुट्टीला येतात आणि आई-वडिलांच्या मोबाइलवर ॲप टाकून सगळे फंड डायरेक्टमध्ये वळवून देतात. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी चहा पुढे करत हे मला संकोचाने सांगितले, आणि त्याच बैठकीत दिवंगत बहिणीचे युनिट भाच्याच्या नावावर करण्याचे अर्जही माझ्यापुढे ठेवले. मी ते भरून दिले. बाजार नियामक सेबीकडे गुंतवणूक सल्लागार म्हणून नोंदणी करून उघडपणे शुल्क घ्यावे, असे मनात आहे. ज्यांनी हा बदल केला असेल, त्यांनी अनुभव सांगावा.

उत्तर : नोंदणीकृत सल्लागार, नाशिक

सेबीच्या नियमांतील डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीनंतर वाट थोडी सोपी झाली आहे. नक्त मालमत्तेची (मालमत्ता वजा देणी) अट जाऊन तिच्या जागी ठेव आली असून दीडशे ग्राहकांपर्यंत ती १ लाख रुपये आहे. एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेच्या सल्लागारांसाठीच्या दोन्ही परीक्षा मात्र द्याव्याच लागतात. ठरावीक शुल्क आकारायचे असल्यास एका कुटुंबामागे वर्षाला १ लाख ५१ हजार रुपयांची मर्यादा आहे. खरी अडचण कागदांची आहे. प्रत्येकाशी करार, प्रत्येक सल्ल्यामागची कारणे लिहून ठेवणे आणि दरवर्षी ऑडिट, हे सगळे एकट्या माणसाला करावे लागते. शिवाय शुल्क रोखीने घेता येत नाही, आणि आमच्याकडचे दोन द्राक्ष बागायतदार अजूनही हंगाम संपला की पाकीटच पुढे करतात.

उत्तर : वितरक, कोल्हापूर

भावनेच्या भरात निर्णय घेऊ नका, आधी हिशेब मांडा. समजा, साठ कुटुंबांचे सरासरी पंधरा लाख, म्हणजे ९ कोटी रुपये आपल्याकडे आहेत. ०.८ टक्के ट्रेल धरले तर वर्षाला ७ लाख २० हजार होतात. तेवढेच शुल्कातून मिळवायचे, तर साठही कुटुंबे टिकल्यास प्रत्येकी १२ हजार पुरतात. वीसच टिकली तर प्रत्येकी ३६ हजार मागावे लागतील, म्हणजे पंधरा लाखांवर २.४ टक्के! कमिशन परस्पर कापले जाते म्हणून कोणाला खुपत नाही, पण १२ हजारांचा धनादेश लिहिताना मात्र हात थांबतो. दोन्ही दगडांवर पाय ठेवण्याचीही सोय नाही, कारण वैयक्तिक नोंदणी घेतली की वितरण सोडावे लागते.

उत्तर : एका खातेदाराचा मुलगा, बंगळुरू

आपण वर्णन केलेला मुलगा मीच असू शकेन. वडिलांचे फंड मी एका संध्याकाळी डायरेक्टमध्ये वळवले, आणि असे वळवणे प्राप्तिकराच्या दृष्टीने विक्रीच ठरते, हे विवरणपत्र भरताना कळले. सव्वा लाखाच्या वरच्या दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के कर भरावा लागला. दरम्यान निफ्टी हा शेअर निर्देशांक सप्टेंबर २०२४ मधल्या २६ हजारांवरून मार्चपर्यंत २२ हजारांच्या आसपास उतरला, तेव्हा एसआयपी (दरमहाची ठरावीक गुंतवणूक) बंद करू का, हे विचारायला वडिलांनी फोन केला तो मला नव्हे, जुन्या वितरकांना. त्यांनी अर्धा तास समजूत घातली, फुकट. वर्षाला १२ हजार द्यायला मी तयार आहे, फक्त त्या पैशांत काय काय मिळणार, ते लेखी हवे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. मी वितरण बंद करून सल्लागार झालो आणि पत्नीच्या नावे एआरएन (वितरकाचा नोंदणी क्रमांक) काढला, तर याच कुटुंबांचे वितरण तिच्याकडे ठेवता येईल का?

नोंदणीकृत सल्लागार, नाशिक

नाही. ज्या ग्राहकाला आपण सल्ला देता, त्याला आपल्या कुटुंबीयांनाही वितरणसेवा देता येत नाही. पत्नीला वेगळे ग्राहक मिळवावे लागतील.