सेप्सिस: बीपी ठीक पण गुडघे जांभळे, पाय थंड. आयसीयूची माहिती असलेल्यांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही भांडुपला राहतो. आईला (वय 67, शुगर आहे) लघवीच्या इन्फेक्शनवरून सेप्सिस (इन्फेक्शनमुळे अवयवांवर परिणाम होणारा गंभीर आजार) झालंय आणि ती आयसीयूत आहे. नॉरॲड्रेनॅलिनचा (बीपी वर ठेवणाऱ्या औषधाचा) पंप चालू आहे, मॉनिटरवर मीन प्रेशर (सरासरी बीपी) 65 च्या वर राहतंय म्हणून भाऊ सगळ्या नातेवाईकांना फोनवर सुधारतेय म्हणून सांगतोय, पण मी काल पायावरची चादर बाजूला केली तर दोन्ही गुडघ्यांवर जांभळट जाळीसारखे डाग, पावलं थंडगार आणि युरिन बॅगेत जेमतेम तळ भरेल एवढंच.

राउंडच्या डॉक्टरांनी काचेच्या स्लाइडने बोटाचं टोक 10 सेकंद दाबून सोडलं. रंग 3 सेकंदांत परत यायला हवा, आईचं बोट त्यानंतरही फिकटच होतं. रक्तातलं लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की वाढणारा घटक) 4 च्या आसपास आहे, खरं तर 2 च्या आत हवं. ते म्हणाले मोठ्या रक्तवाहिन्यांत प्रेशर आहे पण केशवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब झालंय, बारीक गुठळ्या होतायत, त्यामुळे रक्त सगळीकडे पोचत नाही. म्हणजे मेन लाइनला पाणी आहे पण चाळीत वरच्या मजल्यावर नळाला धार नाही, असंच ना?

रात्री झोप लागेना म्हणून वाचत बसले. 2019 मध्ये ॲन्ड्रोमेडा शॉक नावाची ट्रायल झाली, 424 पेशंट, अर्ध्यांचे उपचार लॅक्टेट बघून आणि अर्ध्यांचे हे बोट दाबून. 28 दिवसांत बोटवाल्या गटात 34.9 टक्के गेले, लॅक्टेटवाल्यात 43.4, फरक आकडेशास्त्रात पक्का ठरला नाही तरी मला ते महत्त्वाचं वाटलं. गुडघ्यावरचे डाग जितके पसरतात तितका धोका जास्त हेही वाचलं आणि तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

आयसीयूत काम करणारं कोणी इथे असेल तर प्लीज सांगा, बोटाचा रंग लवकर यायला लागला आणि लॅक्टेट मात्र हळूहळू उतरतंय तर ते चांगलं लक्षण धरायचं का? डाग मांडीकडे सरकले तर नर्सला लगेच सांगायचं की राउंडपर्यंत थांबलं तरी चालतं? आणि पायाची बोटं काळी पडू लागली तर ती वाचतात का, कोणाच्या घरी असं झालंय का?

काढे वगैरे कृपया सुचवू नका, तिला तोंडाने काहीच देत नाहीयेत. उद्या दुपारी मोठे डॉक्टर भेटणार आहेत, त्यांना नेमकं काय विचारू तेवढं त्याआधी कोणी लिहिलं तर फार बरं होईल.