शब्दचर्चा : 'लिस्बन मारू' बुडाली, बुडवली की जलसमाधी?

प्रश्न : 'लिस्बन मारू' या जपानी मालवाहू जहाजावर लेख लिहिते आहे. शेवटी 'जहाजाला जलसमाधी मिळाली' असं लिहिलं, पण ते खटकतंय. दुसरा शब्द सुचवाल का? आणि मारू बुडालं म्हणायचं की बुडाली?

प्रतिसाद १ : जपानी व्यापारी जहाजांच्या नावापुढे 'मारू' लावायची जुनी रीत आहे. आपल्याला तो शब्द 'कोमागाटा मारू'मुळे ठाऊक. लिंग तुमच्या मनातल्या नामावर : बोट असेल तर बुडाली, जहाज असेल तर बुडालं.

जलसमाधी मात्र काढाच, ताई. समाधी माणूस आपण होऊन घेतो. इथे २७ सप्टेंबर १९४२ ला हाँगकाँगहून निघताना माल भरायच्या तीन खणांत अठराशेवर ब्रिटिश युद्धकैदी कोंबले होते. आत कैदी आहेत अशी खूण जहाजावर कुठेही नव्हती. १ ऑक्टोबरला 'ग्रूपर' या अमेरिकन पाणबुडीचा टॉर्पेडो लागला. जपान्यांनी आपले सैनिक दुसऱ्या जहाजांवर हलवले आणि खणांची तोंडं बंद करून टाकली. दुसऱ्या सकाळी जहाज बुडू लागलं तेव्हा कैदी ती फोडून बाहेर आले, तर त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ८२८ जण गेले. याला समाधी कशी म्हणायची?

'बुडवणे' वापरा, म्हणजे कर्ता सांगावाच लागेल. आणि इथे कर्ते दोन आहेत. जहाज अमेरिकन पाणबुडीने बुडवलं. माणसं जपान्यांनी कोंडून बुडवली. दोन वाक्यं करा, एकात गुंडाळू नका.

प्रतिसाद २ : सहमत. मुंबईहून रेवसला जाणारी 'रामदास' बोट १९४७ च्या जुलैत गेली, तिला आमच्या घरी 'रामदास बुडाली' असंच म्हणत. ती खवळलेल्या समुद्रात गेली, तिथे 'बुडाली' चालतं. लिस्बन मारूला नाही.

प्रश्नकर्ती : आभार. अजून एक. जवळच्या डोंगजी बेटांवरच्या चिनी कोळ्यांनी होड्या घालून ३८४ कैदी 'वाचवले' असं लिहिलंय. पण त्यातले बहुतेक पुढे पुन्हा पकडले गेले.

प्रतिसाद २ : मग 'पाण्यातून काढले' लिहा, आमच्याकडे बुडत्याला 'काढतात'च. आणि ज्या तिघांना गावकऱ्यांनी दडवून ठेवलं, जे पुढे चुंगकिंगला (चीनच्या युद्धकाळातल्या राजधानीत) पोचले, त्यांच्यासाठी 'वाचवले' राखून ठेवा.