मदत हवी आहे: आयर्नचा फटका चेंडूच्या मागेच जमिनीत बसतोय (काळी माती, सोलापूर)

हरळीतला_गोल्फर:

नमस्कार मंडळी. सोलापुरातून गोल्फचा धागा काढतोय, आधी हसून घ्या.

पुण्यात नोकरीला होतो तेव्हा वर्षभर रेंजवर (गोल्फच्या सरावाच्या मैदानावर) हिरव्या मॅटवरून शिकलो. 7 नंबरचं आयर्न (धातूच्या पात्याची काठी, म्हणजे क्लब) बऱ्यापैकी लागायचं, निदान मला तसं वाटायचं. आता काम घरून, म्हणून मुक्काम सोलापूर. होटगीच्या पुढं चुलत्यांचं रान आहे. विहिरीजवळचा तुकडा पड आहे आणि त्यावर हरळी माजलीय. काकांच्या लेखी तण, माझ्या लेखी फेअरवे (गोल्फच्या मैदानातली कापलेली हिरवळ). (गोल्फवाले जिला बर्म्युडा ग्रास म्हणतात ती हीच. गणपतीला वाहतो त्या दूर्वा!)

त्रास असा: दहातले सहा-सात फटके चेंडूच्या मागे जमिनीत जातात. चेंडू चाळीस पावलांवर मरून पडतो. उरलेल्यांत पातं चेंडूच्या डोक्याला लागतं आणि तो सरपटत शेजारच्या ज्वारीत. शनिवारी बसून डिव्हट, म्हणजे क्लबनं उकरलेले खड्डे, तपासले. चेंडू होता तिथून चार बोटं मागे सुरू होतात आणि चेंडूपाशी संपतात. तेही खोल, घमेल्यासारखे. मनगटाला झिणझिण्या येतात त्या वेगळ्या.

काका बांधावरून बघत होते. म्हणाले, "चेंडू पुढं हाय अन् तू माती मागंच उकरायलायस की!"

चेंडू मागे, उजव्या पायासमोर घेऊन पाहिला. थोडा बरा लागतो, पण खालून आणि उजवीकडे जातो. दोष मातीचा की माझा?

जुना_कॅडी:

मातीचा थोडा, मॅटचा जास्त, तुमचा सगळ्यात जास्त. रागावू नका.

मॅटवर क्लब चेंडूच्या दोन इंच मागे टेकला तरी तो वरून घसरत जाऊन चेंडूला लागतो. आवाजही झकास येतो. म्हणून वर्षभर चूक कळलीच नाही. काळ्या रानात तसं घसरणं नाही, तिथं क्लब रुततो.

स्विंग म्हणजे एक कंस. आयर्नच्या फटक्यात त्याचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या पुढं पडायला हवा, चांगल्या खेळाडूंचा तीन-चार इंच पुढं पडतो. आधी चेंडू, मग गवत. तुमचा तो मागे पडतोय. थोडा खोल गेला की माती, आणि मातीवरून सुटला की चेंडूपाशी येईस्तोवर पातं वर यायला लागलेलं असतं. गोल्फच्या चेंडूचा व्यास 42.67 मिमी, म्हणजे त्याचं पोट जमिनीपासून जेमतेम 21 मिमीवर. पात्याची खालची कड त्याच्या वर गेली की चेंडू सरपटलाच. तुम्हाला दोन दुखणी वाटतायत, मुळात एकच आहे.

चेंडू उजव्या पायाकडे नेणं म्हणजे छप्पर गळतंय म्हणून पलंग सरकवणं.

एक सांगा, क्रिकेट खेळायचात का? आणि फटका पूर्ण झाल्यावर तसंच उभं राहून उजवा पाय उचलून बघा.

हरळीतला_गोल्फर:

अख्खं बालपण टेनिस बॉलवर गेलंय दादा. चेंडू मिडविकेटवरून उचलायचा, बाकी काही यायचं नाही. उजवा पाय उचलला तर मागे तोल जातो. आत्ता गच्चीवर करून पाहिलं, शेजारच्या काकू बघत होत्या.

बे_सोलापूर:

ज्वारीत गेलेले चेंडू हुरड्याच्या आगटीत निघतील बे. आम्हाला बोलवा.

जुना_कॅडी:

मग सापडलं. चेंडू हवेत उचलायचं काम तुमचं नाहीच. 7 नंबरच्या पात्याला तिशीच्या आसपास अंशांचा कल दिलेला असतो, तो उचलतो. तुम्ही मागे रेलून खालून मदत करायला जाता आणि कंस मागे सरकतो. चेंडूला लागताना वजन बरंचसं डाव्या पायावर आलेलं हवं, हात चेंडूच्या किंचित पुढं.

चेंडू आठवडाभर घरी ठेवा. रानात फक्कीची लांब रेघ मारा, कबड्डीच्या मैदानाला मारतात तशी. रेघ दोन्ही पायांच्या मधोमध येईल असं उभं राहा, स्विंग करा, रेघेवरून एक पाऊल सरका, पुन्हा करा. माती दरवेळी रेघेच्या डाव्या अंगाला निघाली पाहिजे.

आणि जोर लावून खणू नका. टूरवरचे व्यावसायिकसुद्धा 7 नंबरने चारेक अंशच खाली येतात. कुदळ नको, कुळव. कुळवाची पास (आडवं पातं) कशी वरच्या थरातून चालते, तसं.

वापसा:

गोल्फमधलं शून्य कळतं, मातीतलं थोडं कळतं. काळी माती सुकली की आवळून विटेसारखी होते, ओली झाली की फुगते आणि पात्याला चिकटून बसते. दोन्ही वेळा तुम्हाला खरं काय ते कळणार नाही. पाणी दिल्यावर वापसा आला, म्हणजे माती ना ओली ना कोरडी अशी झाली, की सराव करा. मूठभर माती दाबून गोळा करा आणि खाली टाका. फुटला तर ठीक. वाळलेल्या रानात जोरात हाणलंत तर मनगट आणि कोपराची आतली बाजू धरेल.

खड्ड्यांत वाळू भरत चला. हरळीचे धावते कोंब दोन्हीकडून येऊन ते बुजवतात. तिला मारणं अवघड, वाढवणं नाही. काकांना विचारा.

हरळीतला_गोल्फर:

दोन आठवड्यांनी लिहितोय. पहिल्या दिवशी 30 स्विंगपैकी 4 वेळा माती रेघेच्या पुढं निघाली. फारच लाज वाटली. सहाव्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली: शर्टाचं बटण डाव्या पायाकडे न्यायचं एवढंच डोक्यात ठेवलं की हात आपोआप पुढं येतात. हातांचा विचार केला की सगळं बिघडतं. काल 30 पैकी 17.

काल पहिल्यांदा चेंडू ठेवला. तिसरा फटका असा लागला की हाताला काही कळलंच नाही. चेंडू गेला आणि त्याच्यामागून हरळीचा एक पातळ तुकडा उडाला, भाकरीच्या पापुद्र्याएवढा. जाऊन पाहिलं तर चेंडूची जागा तशीच हिरवी आणि खरवडलेलं त्याच्या पुढं! फोटो काढून बायकोला पाठवला. तिनं विचारलं, हे काय आहे.

5 नंबरने मात्र अजून सरपटतोच, त्याचा वेगळा धागा काढतो. काकांनी बजावलंय की काढणीआधी ज्वारीतले चेंडू वेचून घे. अठरा गेलेत, पाच सापडले.