बाळ बघायला आलेली मित्रमंडळी : तुमचे अनुभव लिहा

चैत्रपालवी, घोडबंदर रोड

आमची लेक आता अडीच वर्षांची आहे. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नेमकं तेव्हाच निघालं, त्यामुळे माझं बाळंतपण माहेरी न होता इथेच झालं. पहिल्या चाळीस दिवसांत पंचवीसेक माणसं येऊन गेली. सगळी मायेनेच आली. पण दर वेळी मी उठायचं, गाऊन बदलायचा, चहा टाकायचा, नुकती झोपलेली लेक उचलून दाखवायची आणि नाक कोणावर गेलंय यावरची चर्चा ऐकायची.

मग एका दुपारी कॉलेजातली मैत्रीण डोंबिवलीहून आली. चपला काढल्या, हातपाय धुतले आणि पाळण्याकडे न जाता माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, "सकाळपासून काय खाल्लंस?" मला आठवेना. दीड वाजून गेला होता. तिने पिशवीतून डबे काढले. मऊ भात, तूप, मेतकूट आणि दुधीची भाजी. मी जेवत होते तेव्हा तिने ओट्यावरचा कुकर घासायला घेतला. तळाला भात करपून धरला होता आणि दोन दिवस कुकर तसाच पाणी घालून पडला होता. तारेच्या घासणीचा तो खरखर आवाज ऐकत मी जेवले आणि जेवता जेवताच रडले. ती मागे वळली नाही, घासत राहिली. नंतर म्हणाली, "आता झोप. ती उठली तर मी आहे."

बाळ बघायला येतो, असंच आपण सगळे म्हणतो. ती मला बघायला आली होती.

लहान मूल असलेल्या घरात मित्रमैत्रिणींचं येणं-जाणं तुमच्याकडे कसं चालतं? काय हवंहवंसं वाटतं, काय जड जातं? मूल नसलेल्यांनीही जरूर लिहा. तुमची बाजू आमच्यापर्यंत पोचतच नाही.

खारघरचा बाबा

मुलगा तीन वर्षांचा. बायको नर्स आहे, महिन्यातले बरेच दिवस रात्रपाळी. पूर्वी माझे पुण्याचे दोन मित्र आले की पहाटेपर्यंत गप्पा चालायच्या. मुलगा झाल्यावर मीच त्यांना टाळायला लागलो. घरभर खेळणी, सोफ्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग, बायको दिवसा झोपलेली. कुठे बसवायचं त्यांना? असं करत आठ-नऊ महिने गेले. एका रविवारी त्यातला एक न विचारता खाली येऊन उभा राहिला आणि फोनवर म्हणाला, "वर येत नाही. पोराला घेऊन तूच खाली ये."

आम्ही उत्सव चौकातून मेट्रो पकडली. आमच्याकडची ही मेट्रो नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झाली. बेलापूर ते पेंधर, 11 स्टेशनं. आधी पेंधरपर्यंत गेलो, तिथून उलट बेलापूरला, मग परत घरी. पोरगा काचेला नाक लावून उभा आणि प्रत्येक घोषणेनंतर "पुढचं टेशन सेंटल पाक" असं मोठ्याने म्हणतोय. मित्र त्याच्या मागे गुडघ्यावर बसून त्याच सुरात म्हणत होता. आमच्या गप्पा तुकड्यातुकड्यांत झाल्या. त्याच्या वडिलांचं आजारपण, माझं नोकरी बदलायचं चाललेलं. एक वाक्य पेठपाड्याला तुटायचं, पुढच्या स्टेशनला पुरं व्हायचं. पण इतक्या महिन्यांनी मी कोणाशी तरी मनातलं बोललो होतो.

घरी आलो तर बायको उठून चहा करत होती. सलग तीन तास झोप झाली म्हणाली. आता दर महिन्याला एका रविवारी ते दोघं येतात आणि पोरगा सकाळपासून बूट घालून बसलेला असतो.

सावली, वर्तकनगर

आमचा अनुभव छोटासाच आहे. दुपारी एक ते तीन बेलवर कागद चिकटवलेला असतो : 'बाळ झोपलंय, फोन करा.' सुरुवातीला नातेवाइकांना तो लागला. मित्रमंडळी मात्र आता खालूनच मेसेज करतात.

निशिगंध, कोपरखैरणे

मला जड गेलेलं लिहिते. मुलगा दोन महिन्यांचा असताना नवऱ्याच्या मित्रांचं कुटुंब आलं. त्यांच्यातल्या एकाला सर्दी होती. "थोडीशीच आहे" म्हणत त्याने बाळाला घेतलं, गालाची पापी घेतली. मी स्वयंपाकघराच्या दारात ट्रे धरून उभी होते. नको म्हणायचं होतं, तोंडातून शब्द फुटला नाही. घरी आलेल्या माणसाला असं कसं सांगायचं?

चार दिवसांनी बाळाला खोकला सुरू झाला. दूध ओढेना. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडायला लागला, तेव्हा धावत दवाखान्यात नेलं. ब्राँकिओलायटिस, म्हणजे फुफ्फुसातल्या बारीक श्वासनळ्यांना सूज, निघाला, पाच दिवस ऑक्सिजनवर. डॉक्टरांनी सांगितलं की मोठ्यांना ज्याची नुसती सर्दी होते तोच विषाणू इतक्या लहान बाळाच्या छातीत उतरू शकतो. आमच्या बाळाला तो नेमका कोणाकडून आला हे कोणीच सांगू शकणार नाही आणि मला त्या मित्राला दोष द्यायचा नाही. पण आता मी दारातच सांगते. सर्दी-खोकला असेल तर बरे झाल्यावर या, हात साबणाने धुवा, पापी नको. बाळाचे पाय धरा, खुशाल धरा. जवळच्या एकाही माणसाला याचा राग आलेला नाही.

वाशीची आजी

मी सत्तरीला आलेली बाई, पण लिहावंसं वाटलं. 1986 साली आम्ही वाशीला सिडकोच्या घरात राहायला आलो. माहेर गिरगावात, ऑफिस फोर्टात. 1988 साली मुलगी झाली. तेव्हा वाशीला लोकल नव्हती, मानखुर्द-वाशी गाडी सुरू झाली 1992 मध्ये. खाडीपुलावरून बसने यायचं, एवढाच रस्ता. घरी फोनही नव्हता. कोण कधी येणार ते पत्राने कळायचं, नाहीतर दार वाजल्यावरच.

ऑफिसातल्या तिघी जणी महिना-दीड महिन्याने शनिवारी अर्धा दिवस भरून निघायच्या. घामाघूम होऊन पोचायच्या. एकीच्या हातात अळिवाचे लाडू, दुसरीकडे जुन्या मऊ साड्यांची शिवलेली दुपटी. संध्याकाळी अंधार पडायच्या आत त्यांना परत फिरायचं असायचं, म्हणजे हातात जेमतेम दोन तास. पण त्या दोन तासांत त्या मला ऑफिसातलं सगळं सांगायच्या. साहेब कोणावर चिडले, कोणाची बदली झाली, माझ्या टेबलावर आता कोण बसतं. बाळाला आलटून पालटून मांडीवर घ्यायच्या, पण बोलायच्या माझ्याशी. कामावर परत जायचं बळ मला तिथून मिळालं. त्यातली एक गेली चार वर्षांपूर्वी. तिने शिवलेलं एक दुपटं नातीसाठीही वापरलं, विटलंय पण शिवण शाबूत आहे.

चैत्रपालवी

आजी, माझ्या टेबलावर आता कोण बसतं हा प्रश्न मीही रोज मनात घोळवायचे आणि कोणाला विचारायचं सुचत नव्हतं. तुमचं लिहिलेलं आईला वाचून दाखवलं.

गलबत, ऐरोली

मुलगी दीड वर्षाची होती. मैत्रीण लोणावळ्याहून येताना चिक्की घेऊन आली. आम्ही बोलत बसलो, खोका टीपॉयवर उघडाच. लेकीने त्यातला एक शेंगदाणा कधी तोंडात टाकला कळलं नाही. एकदम आवाज बंद, ओठ काळेनिळे. सासूबाईंनी तिला पालथं धरून पाठीवर जोरात थापट्या मारल्या आणि दाणा बाहेर पडला. पाच वर्षांच्या आतल्या मुलांच्या हाताला अख्खे दाणे, अख्खी द्राक्षं लागू द्यायची नाहीत हे मला ठाऊक होतं, तिला कसं ठाऊक असणार? तिला मूल नाही. पण त्यानंतर तिने येणंच सोडलं. दोन महिने वाट बघून मी लेकीला घेऊन तिच्या घरी मुलुंडला गेले. दार उघडल्यावर ती लेकीकडे बघतच राहिली, हात पुढे करेना. लेकीनेच तिचा दुपट्टा ओढला.

अबोली, कळवा

मूल नसलेल्यांनी लिहा म्हटलंय म्हणून लिहिते. चार वर्षं आमचे उपचार चालू होते. जिवलग मैत्रिणीला दिवस गेले त्याच महिन्यात माझा गर्भ दुसऱ्यांदा पडला. बारशाचं बोलावणं आलं. साडी काढून ठेवली, स्टेशनपर्यंत गेले आणि परत आले. ताप आलाय असं खोटं कळवलं.

पंधरा दिवसांनी तिचा फोन. "मी ठाण्याला तलावपाळीला येतेय. एकटीच. दीड तास आहे, दूध काढून ठेवलंय." तिथल्या मासुंदा तलावाच्या काठावर कठड्याला टेकून आम्ही दोघी बसलो. तिची वेणी सैल सुटलेली, कुर्त्यावर खांद्याशी दुधाचा सुकलेला डाग. बाळाबद्दल तिने अवाक्षर काढलं नाही. मलाच राहवेना, म्हणून विचारलं, झोप होते का तुझी? ती नाही म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मी माझं सगळं सांगितलं, तारखांसकट. ते नवऱ्याखेरीज कोणालाच ठाऊक नव्हतं. गडकरी रंगायतनच्या बाजूने चालत मी तिला रिक्षापर्यंत सोडायला गेले.

त्यानंतरच्या रविवारी मी तिच्या घरी गेले. बाळ झोपलेलं होतं. पलंगाशेजारी खाली बसून आम्ही हलक्या आवाजात बोलत मटार सोलले.