मदत हवी आहे : ग्रीसमधल्या योआनिनाबद्दल

नमस्कार मंडळी. माझी भाची पुरातत्त्वाच्या एका सत्रासाठी योआनिना विद्यापीठात निघाली आहे. वायव्य ग्रीसमधला इपिरस प्रांत, पिंडस डोंगररांगा आणि पाम्वोतिदा तळ्याकाठचं हे गाव. ग्रीस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ऊन आणि निळा समुद्र येतो, पण इथे म्हणे कोकणासारखा पाऊस, आणि तोही हिवाळ्यात! १९१३ पर्यंत हे शहर ऑटोमन सत्तेखाली होतं. ऑटोमन सुभेदार अली पाशाचा किल्ला आजही तळ्यावर उभा आहे. झ्यूसचं प्राचीन दैवस्थान दोदोनाही जवळच, भाचीचा सगळा जीव तिथेच अडकलाय. विद्यापीठ १९६४ साली थेसालोनिकीच्या ॲरिस्टॉटल विद्यापीठाची शाखा म्हणून सुरू झालं, १९७० मध्ये स्वतंत्र झालं.

तिकडे कुणी शिकलंय का? परिसर शहराबाहेर आहे, मग खोली गावात घ्यावी की विद्यापीठाजवळ? रेल्वे नाही, तर अथेन्सहून बस बरी की थेसालोनिकीहून? ग्रीक न येता रोजचे व्यवहार जमतात का? ती शाकाहारी आहे. ताईला रात्रीची झोप नाही, कृपया अनुभव असेल तर नक्की लिहा.