डेटाबेसमधला आयडी सभासदांना दाखवावा का?

प्रश्न (खानापूर)

नमस्कार. आम्ही तिघे मिळून खानापूर तालुक्यातील एका सौहार्द (सहकारी) संस्थेचे सॉफ्टवेअर सांभाळतो. सभासदांच्या टेबलमध्ये ऑटो-इन्क्रिमेंटने, म्हणजे प्रत्येक नव्या नोंदीला आपोआप पुढचा आकडा देत, पडणारा आयडी आम्ही सुरुवातीपासून स्क्रीनच्या माथ्यावर दाखवत आलो, कारण त्यात काही वावगे आहे असे तेव्हा वाटले नाही. काउंटरवरच्या कारकुनांनी तोच आकडा पासबुकाच्या पुठ्ठ्यावर बॉलपेनने लिहून त्याभोवती गोल करायला सुरुवात केली आणि वर्षभरात लोक त्यालाच आपला खाते नंबर म्हणू लागले.

यंदा खानापूर आणि नंदगड या दोन शाखांचे डेटाबेस एकत्र केले. दोन्हीकडे आयडी १ पासून सुरू झालेले असल्यामुळे नंदगडच्या सगळ्या सभासदांना नवे आयडी द्यावे लागले. दुसऱ्याच आठवड्यात नंदगडच्या एक मावशी २,००० रुपये भरायला आल्या, त्यांच्या पुठ्ठ्यावर ४१८ होते, कारकुनाने ४१८ टाकले आणि रक्कम खानापूरच्या भलत्याच सभासदाच्या खात्यावर जमा झाली. संध्याकाळी पावत्या जुळवताना चूक सापडली, पैसे परत योग्य खात्यावर गेले, पण त्या मावशींना दुसऱ्या दिवशी पुन्हा एसटीने यावे लागले, याचे मला फार वाईट वाटते.

आता सभासदांसाठी ऑनलाइन पावती पाहण्याची सोय करायची आहे आणि पावतीच्या दुव्यातही हाच आयडी दिसणार आहे. तो दाखवावा, लपवावा, की सरळ यूयूआयडी (संगणकाने बनवलेला लांबलचक, एकमेव ओळख-क्रमांक) वापरावा? अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर (उद्यमबाग, बेळगाव)

आपण एका प्रश्नात दोन प्रश्न विचारले आहेत आणि त्यांपैकी दुव्याचा प्रश्न मी आधी घेतो, कारण त्यात धोका जास्त आहे. दुव्यातला आकडा एकाने वाढवला की शेजाऱ्याची पावती उघडत असेल, तर दोष आकड्याचा नसून तपासणीचा आहे. पावती मागणारा सभासद तिचा मालक आहे की नाही, हे सर्व्हरने प्रत्येक वेळी तपासले पाहिजे. वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प संस्थेच्या २०२१ च्या धोक्यांच्या यादीत प्रवेश-नियंत्रणातील त्रुटी पहिल्या क्रमांकावर आहेत, आणि एपीआयसाठीच्या (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याकडे माहिती मागण्याच्या मार्गांसाठीच्या) २०२३ च्या यादीत नेमकी हीच चूक पहिली आहे. दोन चाचणी खाती उघडा, एकातून लॉगिन करून दुसऱ्याची पावती मागा, आणि 'अशी पावती नाही' व 'ही पावती तुमची नाही' या दोन्ही वेळी एकच उत्तर मिळते ना ते पाहा. यूयूआयडी लावल्याने ही तपासणी टळत नाही, कारण दुवा व्हॉट्सअपवर पुढे पाठवला जातोच.

एवढे झाल्यावरही ओळीने वाढणारा आकडा बोलका असतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मन रणगाड्यांच्या अनुक्रमांकांवरून दोस्त राष्ट्रांच्या संख्याशास्त्रज्ञांनी महिन्याला २४६ रणगाडे बनतात असे काढले होते. हेरखात्याचा अंदाज १,४०० चा होता आणि युद्धानंतर सापडलेल्या नोंदींत आकडा २४५ निघाला. आपल्या संस्थेची पावती कोणी महिन्याच्या १ तारखेला आणि ३० तारखेला काढली, तर महिन्याभरात किती पावत्या फाटल्या हे त्याला घरबसल्या कळेल.

म्हणून आतली प्रायमरी की (म्हणजे तो मूळ आयडी) आहे तशीच बिगइंट, म्हणजे ८ बाइटच्या पूर्णांकाची ठेवा आणि दुव्यासाठी शेजारी यूयूआयडीचा वेगळा, युनिक इंडेक्स (एकच मूल्य दोनदा येऊ न देणारी, शोध जलद करणारी सूची) असलेला स्तंभ घाला. तो ३६ अक्षरांच्या मजकुराऐवजी १६ बाइटमध्ये साठवा. चौथ्या आवृत्तीच्या यूयूआयडीत १२२ बिट यादृच्छिक असतात. मे २०२४ च्या आरएफसी ९५६२ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजामध्ये आलेली सातवी आवृत्ती इंडेक्सला सोयीची आहे, पण तिच्या पहिल्या ४८ बिटांत नोंद तयार झाल्याची वेळ मिलिसेकंदापर्यंत असते. ती वेळ बाहेर जाणे चालणार नसेल, तर चौथीच घ्यावी.

उत्तर (निपाणी)

वरील उत्तर दुव्यापुरते मला मान्य आहे, परंतु मावशींचा प्रश्न त्याने सुटत नाही. ३६ अक्षरांचा यूयूआयडी पुठ्ठ्यावर कोण लिहिणार आणि फोनवर कोण वाचून दाखवणार? माणसाला लहान, तोंडी सांगता येणारा आणि कधीही न बदलणारा नंबर लागतो, आणि तो नंबर डेटाबेसच्या आयडीपासून पूर्णपणे वेगळा असावा लागतो.

आमच्याकडे फोनवर मराठी सभासद आणि कन्नड कारकून, किंवा याच्या उलट, ही रोजचीच गोष्ट आहे. सभासद 'एकोणसत्तर' म्हणतो, कारकुनाच्या कानात 'सत्तर' राहते आणि तो ७९ लिहितो, कारण त्याच्या भाषेत 'अरवत्तोंबत्तु' म्हणताना साठ आधी येतात आणि नऊ नंतर. 'त्रेचाळीस' ऐकून ३४ लिहिलेलेही मी पाहिले आहे. दोघांपैकी कोणाचीही चूक नसते, दोघेही आपापल्या भाषेत बरोबरच मोजत असतात.

यावर आम्ही दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे नंबर सुटा सुटा वाचायचा, 'सहा, नऊ' असा. दुसरी म्हणजे शेवटी व्हेरहोफ पद्धतीचा तपासणी अंक, म्हणजे बाकीच्या अंकांवरून गणिताने काढलेला अंक, जोडायचा, जो आधारच्या १२ अंकांतही शेवटी असतो. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर तो हमखास पकडतो, म्हणजे ६९ चे ७९ आणि ४३ चे ३४ हे दोन्ही काउंटरवरच अडतात.

उत्तर (शहापूर, बेळगाव)

मी हिशेबाच्या बाजूने एक भर घालतो. जीएसटीचे बिल निघते तिथे आयडीलाच बिल नंबर करू नये. सीजीएसटी नियम ४६ प्रमाणे बिल नंबर सलग, जास्तीत जास्त १६ अक्षरांचा आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो. ऑटो-इन्क्रिमेंटमध्ये व्यवहार रोलबॅक झाला, म्हणजे पूर्ण न होता मागे घेतला गेला, की तो आकडा वाया जातो आणि मालिकेत खंड पडतो. आमच्या एका फाउंड्रीच्या बिलांत असेच तीन आकडे गळाले होते आणि ती बिले रद्द झाली नसून मुळात निघालीच नव्हती, हे समजावता समजावता माझी दुपार गेली. बिलाच्या मालिकेसाठी वेगळे टेबल ठेवावे आणि बिल पक्के होतानाच त्यातून नंबर घ्यावा.

प्रश्नकर्ता (खानापूर)

सर्वांचे मनापासून आभार. दुव्याला चौथ्या आवृत्तीचा यूयूआयडी, सभासदाला तपासणी अंकासह आठ अंकी नंबर आणि आयडी फक्त आत, असे ठरवले आहे. मालकीच्या तपासणीची दोन खात्यांची चाचणी काल घेतली. एका जुन्या अहवालाच्या पानावर ती तपासणी नव्हतीच, ते पान आजच बंद केले.

जुने आकडे मात्र लोकांच्या पुठ्ठ्यांवर आहेतच. त्यासाठी शाखा आणि जुना आकडा यांवरून सभासद शोधणारे टेबल केले आहे. कारकुनाने शाखा निवडल्याशिवाय जुना आकडा चालणार नाही, आणि सभासदाचे नाव मोठ्या अक्षरांत दिसून ते समोरच्याला वाचून दाखवल्याशिवाय रक्कम जमा होणार नाही. नवा नंबर घेण्यासाठी कोणालाही मुद्दाम बोलावणार नाही. पुढच्या भरण्याला जो तो येईल, तेव्हा काउंटरवरच पुठ्ठ्यावर चिकटपट्टी लावून देऊ.