गाडीतच मुक्काम आणि डागडुजी झालेलं प्रार्थनास्थळ : तुमचे अनुभव लिहा

मंडळी, राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१मध्ये आलं. तेव्हापासून आपल्या नाशकातही झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी घेऊन निघणारे दिसू लागलेत. अशा प्रवासात जुनं देऊळ, चर्च, चॅपल (छोटं ख्रिस्ती प्रार्थनाघर), दर्गा पाहिला असेल आणि त्याची नीट डागडुजी झालेली असेल, तर इथे लिहा. नुसतं ‘मस्त आहे’ नको. काय बिघडलं होतं, कसं सावरलं, तुमच्या नजरेला काय पडलं, ते हवंय. सुरुवात मी करते.

लेक-जावई स्कॉटलंडमध्ये, एडिनबराला असतात. त्यांच्याबरोबर भाड्याच्या कॅम्परव्हॅनने निघालो, तेव्हा शहराच्या दक्षिणेला जवळच असलेलं रॉस्लिन चॅपल पाहिलं. सर विल्यम सिंक्लेअर यांनी १४४६ साली उभारायला घेतलेलं. आत वीतभर दगडही कोरल्याशिवाय सोडलेला नाही. पानं, फुलं, देवदूत, तोंडातून वेली फुटलेले चेहरे. शिकाऊ कारागिराने घडवला असं सांगतात तो खांब तर तळापासून वरपर्यंत वेलींच्या पिळांनी वेढलेला. आपल्याकडची कोरीव देवळं बघत मोठी झालेली मी, तरी तिथून पाय निघेना.

पण मला जास्त भिडली ती दुरुस्ती. १९५०च्या दशकात कोरीव काम टिकावं म्हणून आतून सिमेंटसारखा लेप दिला गेला. झालं भलतंच. मुरलेलं पाणी दगडातच कोंडलं. शेवटी १९९७मध्ये अख्ख्या इमारतीवर पोलादी छप्पर घातलं आणि २०१०पर्यंत ठेवलं, दगड आपल्या गतीने वाळावा म्हणून. तेरा वर्षं! घाई न करणाऱ्या त्या लोकांबद्दल मला मनापासून आदर वाटला. आम्ही गेलो तेव्हा आत फोटो काढू देत नव्हते, म्हणून सगळे मान वर करून खरंच बघत होते. हा नियम आपल्याकडेही काही ठिकाणी यावा.

देवळाली कॅम्पहून

ताई, लेपाचं वाचून जुनं गोवं आठवलं. तिथे नेमकं उलट झालंय. बॉम जेझू बॅसिलिका १६०५ सालची. जांभ्याची भिंत आणि वर चुन्याचा गिलावा, अशी ती मुळात होती. १९५०च्या दशकात, पोर्तुगीज अमलातच, बाहेरचा गिलावा काढून टाकला. पर्यटकांना तो तांबडा दगड आवडतो, फोटोही झकास येतात, पण गोव्याचा पाऊस उघड्या जांभ्यावर कोसळतो आणि दगड झिजत जातो. मी बांधकामातला माणूस आहे. ती भिंत हाताने चाचपली तेव्हा फार वाईट वाटलं. जांभ्याला गिलावा हवाच, त्यात शोभेचा प्रश्नच नाही.

तिथून वर टेकडीवर ‘अवर लेडी ऑफ द माउंट’ चॅपल आहे, तिकडे फारसं कुणी फिरकत नाही. फुंदासाओ ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेने त्याचा जीर्णोद्धार केला. आम्ही गाडी खाली ठेवून चढलो. समोर मांडवी, दिवाडी बेट आणि माडांच्या वर आलेले चर्चचे मनोरे. ऊन उतरल्यावर जा. आमची पोरं तिथून हलायला तयार नव्हती, म्हणून रात्रीचा स्वयंपाक उशिराने लागला.

रविवार कारंजा

गोवा-स्कॉटलंड होऊ द्या, पण आपलं सुंदरनारायण मंदिर विसरू नका! गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी १७५६ साली बांधलेलं. लहानपणापासून मी झिजलेले, पापुद्रे सुटलेले दगड बघत आलो. मग राज्य पुरातत्त्व विभागाने काम हाती घेतलं. एकेका दगडावर क्रमांक टाकायचा, तो उतरवायचा, चांगला असेल तर परत त्याच जागी, गेलेला असेल तर त्याच मापाचा नवा काळा दगड घडवून. गोदाघाटावर जाता-येता टाकीचे घाव ऐकू यायचे. आमच्या आळीतली म्हातारी माणसं रोज जाऊन ‘आज किती थर चढले’ ते बघून यायची. काम रेंगाळलं तेव्हा लोक चिडलेही, मीसुद्धा चिडलो. ताईंनी लिहिलेली ती तेरा वर्षं वाचून आता वेगळं वाटतंय. मार्चमध्ये विषुवदिनाच्या सुमारास सूर्याची किरणं थेट मूर्तीवर येतात, तेव्हा जरूर या.

शरणपूर रोडवरून

आमच्या शरणपूरचंही सांगते. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथल्या मिशनमध्ये शिकली. त्यांतला जेकब वेनराइट हा आफ्रिकेत शोधमोहिमा काढणाऱ्या डॉ. लिव्हिंग्स्टनचा देह आफ्रिकेच्या अंतर्भागातून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांपैकी एक, आणि १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनाच्या वेळीही तो हजर होता. बाहेरगावहून गाडी घेऊन येणाऱ्या पाहुण्यांना मी काळारामानंतर इथे घेऊन येते. नाशिक म्हणजे नुसतं कुंभमेळा आणि द्राक्षं नव्हे, हे त्यांना कळायला हवं.

सिडकोहून

सगळ्यांचं वाचून आनंद झाला. एक विचारायचं होतं. आईचे गुडघे दुखतात, तिला कमोड लागतो. कॅम्परव्हॅनमध्ये जमेल का? लांब जायच्या आधी जवळपास कुठे सराव करावा?

देवळाली कॅम्पहून

जमेल, माझ्या आईला जमलं. केमिकल टॉयलेटवाली (म्हणजे मैला रसायन घातलेल्या टाकीत साठतो अशी) गाडी घ्या, दाराची पायरी किती उंच आहे ते आधी बघा आणि टाकी कुठे रिकामी करायची ते ठरवूनच निघा. उघड्यावर किंवा ओढ्यात अजिबात नको. पहिल्यांदा सिन्नरला जा, गोंदेश्वर. तासाभराचा रस्ता. मधे महादेवाचं भूमिज शिखराचं (छोट्या शिखरांच्या रांगा एकावर एक रचलेलं) देऊळ, चार कोपऱ्यांत विष्णू, गणपती, पार्वती, सूर्य, समोर नंदीचा मंडप. आईंना चौथरा चढायला त्रास झाला, तर खालून फेरी मारली तरी शिल्पं दिसतात. पाणी आणि छत्री जवळ ठेवा, आवारात ऊन फार लागतं.